विचारलं तर सांगायचं

त्या हॉटेलात मेनूकार्ड होतं, कार्डावर प्रत्येक पदार्थापुढे किंमत होती, आणि बघणाऱ्याला वाटावं की इथला कारभार अगदी सरळ आहे. तसा तो होताही. फक्त दारातून आत आलं की डाव्या हाताला एक काळी पाटी टांगलेली असे. मालक रोज सकाळी स्वतः खडू घेऊन तिच्यावर वळणदार अक्षरात लिहायचे, 'आजचे खास'. खाली तीन पदार्थांची नावं. नावांपुढे काही नाही, नुसती काळी जागा, ओल्या फडक्याने लख्ख पुसलेली.

हे तीन पदार्थ टेबलापाशी जाऊन तोंडाने सांगायचं काम तिचं. दोन वर्षांत ती त्यात इतकी तयार झाली होती की आचारी तिला मैना म्हणायचा. "आवाज गोड, आणि पढवलेलं असेल तेवढंच बोलते," असं त्याचं म्हणणं. पढवलं होतं मालकांनी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला रिकाम्या टेबलापाशी उभं केलं आणि स्वतः गिऱ्हाईक होऊन बसले.

"सांगताना मधे श्वास घ्यायचा नाही," ते म्हणाले. "तू श्वास घेतलास की गिऱ्हाइकाला फट मिळते, आणि फटीतून प्रश्न आत येतो. उभं राहायचं पैसे देणाऱ्याजवळ, बघायचं मात्र त्याने आणलेल्या पाहुण्याकडे. पाहुण्याच्या तोंडाला पाणी सुटलं की पैसे देणाऱ्याची जीभ आपसूक टाळ्याला चिकटते."

"आणि विचारलंच कुणी तर?"

"विचारलं तर सांगायचं. आपण काय चोर आहोत? फक्त अर्धं पाऊल मागे सरकून, जरा मोठ्याने सांगायचं. म्हणजे त्याने विचारलं हे आजूबाजूलाही कळतं. पुढच्या खेपेला तो विचारत नाही."

विचारत नसतच कुणी. खास पदार्थाची किंमत कार्डावरच्या सगळ्यात महागड्या पदार्थाच्या तिप्पट होती, आणि तरीही रोज दहा-बारा माणसं मान डोलावून "आणा" म्हणायची. मग बिल यायचं. बिल हातात आलं की माणसं आधी बेरीज तपासतात, मग तारीख, मग वर पंख्याकडे बघतात. तेवढा वेळ आपण शेजारच्या टेबलावरच्या मिठाच्या बाटल्या सरळ करायच्या, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. भांडण म्हणून कधी झालं नाही. ज्याने आधी विचारलं नाही तो नंतर कोणत्या तोंडाने बोलणार?

काम तिला आवडत होतं असं नाही. पण तिची लेक ठमी चौदा महिन्यांची होती आणि नवरा मालट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. ती सकाळी ठमीला माहेरी आईकडे सोडायची, अकराला हॉटेलात यायची ती थेट शेवटचं गिऱ्हाईक उठेपर्यंत. परत नेताना ठमी खांद्यावर गाढ झोपलेली असायची. लेकीला दात आला, लेक उभी राहिली, लेकीने मांजराची शेपटी ओढली, सगळं तिला दुसऱ्या दिवशी आईच्या तोंडून कळायचं, परगावची बातमी कळावी तसं. आणि गेल्या महिन्यापासून ठमी आजीलाच 'आई' म्हणू लागली होती.

"अगं, तू मला आई म्हणतेस ते ऐकतं ना पोर," आई म्हणाली होती. "त्यात काय एवढं?"

खरंच होतं ते. त्यात काही एवढं नव्हतं. त्या दिवशी ती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली, इतकंच.

म्हणून या महिन्यात ती जीव तोडून पदार्थ सांगत होती. मालकांनी कबूल केलं होतं, महिनाभर रोज बारा खास गेले, की तिला दुपारची पाळी. पाचला सुट्टी. साडेपाचला घरी. साडेपाचला ठमी जागी असते, हे तिला माहीत होतं. साडेपाचला ठमी दिसते कशी, हे माहीत नव्हतं.

आणि महिना संपायला नऊ दिवस उरले असताना, रविवारी भर दुपारी, दारातून तिचे बाबा आत आले.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, नीट विंचरलेले उरलेसुरले केस. त्यांच्या मागून धाकटीचे होणारे सासू-सासरे, आणि सगळ्यात मागे धाकटी, डोळ्यांनी 'मी सांगत होते, ऐकतात का?' असं म्हणणारी. नवरामुलगा नोकरीच्या गावी होता आणि आई ठमीला घेऊन घरी. लग्न ठरून आठवडाच झाला होता.

"ही आमची मोठी," बाबा म्हणाले. "म्हटलं, व्याह्यांना जेवायला न्यायचं तर परक्या ठिकाणी कशाला? आपलं माणूस जिथे आहे तिथेच जावं."

"झकास केलंत," व्याही म्हणाले. ते पोस्टातून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे. विहीणबाईंचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी बसायच्या आधी खुर्चीच्या गादीवरून दोन बोटं फिरवली. "बरं आहे हो हॉटेल. कापड तेवढं स्वस्तातलं घातलंय. दोन वर्षांत विटेल."

पाण्याचे पेले ठेवताना धाकटी तिच्या कानाशी आली. "ताई, बाबांनी खिशात काय घातलंय ते मी बघितलंय. कार्डावरचं साधंसुधं चौघांचं होईल. त्याच्यावर एक सूपसुद्धा नाही. तूच बघ काय ते."

तिने मान हलवली. बाबांना ती ओळखत होती.

बाबा घड्याळजी. जिन्याखालच्या, कपाटाएवढ्या दुकानात त्यांनी डोळ्याला भिंग लावून अडतीस वर्षं काढली. हात थरथरायला लागला तेव्हा, तीन वर्षांपूर्वी, दुकान बंद केलं. त्या अडतीस वर्षांत त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला आधी किंमत सांगितली नाही. घड्याळ न उघडता भाव सांगणारा घड्याळजी आणि नाडी न बघता पुडी देणारा वैद्य, दोघे एकाच माळेचे मणी, असं ते म्हणायचे. घड्याळ ठेवून जा, न्यायला याल तेव्हा सांगतो. आणि न्यायला आलेल्या माणसाने मनाशी जे धरलेलं असेल त्याच्या निम्मंच सांगायचे. ते ऐकून समोरच्याचा चेहरा कसा सैल पडायचा, हे त्यांनी घरी जेवताना कितीतरी वेळा करून दाखवलं होतं. तो चेहरा बघण्यासाठीच ते दुकान उघडत असावेत. पैशांसाठी तर नक्कीच नव्हे.

तेव्हा पाटीचं नावच काढायचं नाही, असं ठरवून तिने चौघांपुढे कार्डं ठेवली. "इथला मासा चांगला असतो," ती म्हणाली. "भाजलेला. सोबत भाज्या येतात."

पण व्याह्यांची नजर भिंतीवर होती. "ते पाटीवर काय लिहिलंय? चष्मा विसरलो बघा."

"ते रोजचंच," ती म्हणाली.

गल्ल्यामागून मालक हसत पुढे आले. गिऱ्हाइकांसमोर ते तिला मॅडम म्हणत. "असं कसं मॅडम, पाहुण्यांना सांगा ना आजचं खास." आणि गेले नाहीत. दोन टेबलं सोडून हाताची घडी घालून उभे राहिले.

आता सांगणं आलं. ती बाबांच्या खुर्चीशी उभी राहिली आणि सुरू झाली. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिने मधे श्वास घेतला. लिंबाच्या लोण्यात शिजवलेला अख्खा मासा, म्हणाली, आणि थांबली. सात तास मंद आचेवर ठेवलेलं मटण, म्हणाली, आणि पुन्हा थांबली. चांगली लांब, मोकळी फट ठेवली. विचारा, मनात म्हणत होती, कुणीतरी विचारा. मालकांच्या कपाळावर आठी चढलेली तिला न बघता कळत होती. मधात भाजलेली फळं, म्हणाली, आणि चक्क गप्प उभी राहिली.

विहीणबाईंनी फट बरोबर पकडली. जन्म गेला होता दुकानात. "आणि हा मासा केवढ्याला पडतो?"

तिच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की हसूच आलं. तिने तोंड उघडलं.

"अहो विहीणबाई, राहू द्या," बाबा म्हणाले. हसून, हात वर करून, कुणाला वाईट वाटू नये अशा बेताने. "ज्याला आपल्या कामाची कदर असते ना, तो किंमत लिहून टांगत नाही. आधी काम करतो, मग सांगतो. आणि सांगतो तेव्हा कमीच सांगतो. मी अडतीस वर्षं हेच केलंय. कारागिराला आधी भाव विचारायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होतं."

"बघ, शिक जरा," व्याही बायकोला म्हणाले. "नाहीतर तू. देवळात गेलीस तरी घंटा कितीला घेतली विचारशील."

विहीणबाईंच्या गालावर लाली आली. त्यांनी कार्ड मिटून टेबलाच्या कडेला ठेवलं, कडेशी अगदी समांतर. "मी आपलं सवयीने विचारलं," म्हणाल्या.

"चौघांनाही तो मासा आण," बाबा म्हणाले.

"बाबा, कार्डावरचा मासापण—"

"मोठे." लहानपणी पाहुण्यांसमोर हट्ट केला की याच आवाजात हाक यायची. "पाहुणे बसलेत."

आकडा तिच्या जिभेच्या टोकावर होता. दोनच शब्द होते ते. उच्चारले असते तर विहीणबाईंची मान वर झाली असती आणि बाबांची खाली गेली असती, धाकटीच्या सासरच्या माणसांसमोर, कायमची. आणि दोन टेबलांपलीकडे मालक उभे होते, आणि त्यांच्यामागे साडेपाच वाजता जागी असलेली ठमी. पुढे कितीतरी वेळा तिने स्वतःला विचारलं की तोंड नेमकं कशाने मिटलं, बाबांच्या मानेने की साडेपाचने. 

ती आत गेली.

"चार खास," आचारी म्हणाला. "मैने, आज नशीब फळफळलं."

"माझे बाबा आहेत ते."

आचाऱ्याचा झारा थांबला. "आणि सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सांगितलं असतं? व्याह्यांसमोर?"

"माझा बाप हॉटेलात पाऊल टाकायचा नाही," आचारी म्हणाला. "अडाणी होता, पण शहाणा होता." मग त्याने त्यातले त्यात मोठे चार मासे काढले. त्याच्या हातात तेवढंच होतं.

बाबा चवीने जेवले. काटे एकीकडे नीट रचत, चाकाचे दात मोजावेत तसे. "हिच्या आईला आणायला हवं होतं," दोनदा म्हणाले. व्याह्यांनी पोस्टातल्या गमती सांगितल्या, विहीणबाईसुद्धा शेवटी हसल्या. धाकटी मात्र घास चिवडत होती आणि दर घासाला स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.

बिल लिहायच्या आधी ती गल्ल्यापाशी गेली. "माझे बाबा आहेत. त्यांच्याकडे तेवढे नाहीत."

मालक रागावले नाहीत. ते कधी रागवत नसत. "तुझे वडील म्हणजे घरचेच," म्हणाले. "कार्डावरच्या माशाचा भाव लावतो, जा. पण मग ते दुपारच्या पाळीचं विसर. वर्षभर संध्याकाळ तुझ्याकडे. आणि ते मधे मधे थांबणं काय चाललं होतं, ते मी पाहिलं नाही असं धरतो."

वर्षभर. ठमी सव्वादोन वर्षांची होईल. बोलायला लागेल, धावायला लागेल, आणि तेही सगळं परगावच्या बातमीसारखं.

"चालेल," ती म्हणाली. शब्द किती सोपा होता.

बिलाची थाळी तिने बाबांसमोर ठेवली आणि शेजारच्या टेबलावरच्या मिठाच्या बाटल्या सरळ करायला वळली. सवयच ती. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बाबांचं हसू. वळून बघते तर त्यांचा चेहरा सैल पडत होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आयुष्यभर ते जेवताना करून दाखवायचे अगदी तसा. फक्त या वेळी तो करून दाखवलेला नव्हता.

"बघा," त्यांनी बिल विहीणबाईंपुढे सरकवलं. "काय म्हणालो होतो मी?"

विहीणबाईंनी बिल डोळ्यांजवळ धरलं, कापडाचं सूत बघावं तसं उलटसुलट केलं. "खरंच हो," म्हणाल्या. "मी उगाचच बोलले."

"उगाच नाही, उगाच नाही. सवय असते माणसाला." बाबा उठले. त्यांना आता हा आनंद कुणाशी तरी वाटून घ्यायचा होता. ते थेट गल्ल्याकडे गेले आणि मालकांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही कारागीर माणूस आहात. मीही कारागीर. धाकटीचं लग्न ठरल्याचं जेवण करायचंय, दोन्हीकडची मिळून चाळीस माणसं. ते इथेच. पुढच्या रविवारी. आणि हाच मासा."

"बाबा," ती म्हणाली.

"भाव विचारून तुमचा अपमान करणार नाही," बाबा मालकांना म्हणाले. "जे व्हायचं ते होईल."

"तुमच्या शब्दाबाहेर नाही," मालक म्हणाले आणि वही पुढे ओढली.

ती दोघांच्या मधे, हाताच्या अंतरावर उभी होती. आता बोलायचं म्हणजे आधी बिल खोटं आहे हे सांगायचं. विहीणबाईंच्या हातात असलेलं बिल. ते खोटं का केलं हे सांगायचं, कुणाच्या खिशात काय होतं हे सांगायचं. तासाभरापूर्वी दोन शब्दांत भागलं असतं; आता अख्खं घर उघडं करावं लागणार होतं. बाबांनी बिल चुकतं केलं, उरलेले चार पैसे आगाऊ म्हणून दिले, वहीत सही केली. घड्याळजीची सही, बारीक, एकेक अक्षर वेगळं.

ते गेल्यावर मालकांनी तिला बोलावलं. "उद्यापासून पाचला घरी जात जा."

तिला कळेना. "तुम्ही वर्षभर म्हणालात."

"ते चार ताटांचं बोललो होतो. ही चाळीस आहेत. मी उपकार विसरणारा माणूस नाही."

"त्यांना भाव सांगा," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते. घरी येऊन एकदा सांगा."

"विचारला तर सांगेन की. मी कधी नाही म्हटलंय?" मालकांनी वही मिटली. "नाहीतर त्यांनी यावं, परवडत नाही म्हणावं, मी या क्षणी पान फाडतो. आगाऊसुद्धा परत देतो. एवढंच वाक्य म्हणायचं."

एवढंच वाक्य. तिला वाटलं, ते वाक्य बाबा म्हणणार नाहीत हे या माणसाला ठाऊक आहे, आणि तरी पान फाडायला तो तयार आहे; मग त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

सोमवारी सकाळी ती ठमीला घेऊन माहेरी गेली ती सांगायचंच असं ठरवून. पण बाबा घरात नव्हते. सातलाच बाहेर पडले, आई म्हणाली. आमंत्रणं द्यायला. "पायात वारं भरल्यासारखे गेलेत. कालपासून नुसतं त्या बिलाचं चाललंय. शेजारच्यांना दाखवून झालं, दूधवाल्याला दाखवून झालं." आई हसत होती. आईला हसताना तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून आईलाही सांगणं झालं नाही.

पाचला सुटली. रस्त्यात एवढी माणसं असतात, शाळेची पोरं इतकी ओरडतात, हे ती विसरूनच गेली होती. साडेपाचला माहेरच्या दारात पोचली तेव्हा ठमी अंगणात पालथ्या बादलीवर डबा आपटत होती. केस घामाने कपाळाला चिकटलेले, एका पायात मोजा, दुसरा कुठे तरी. ती उंबऱ्याशी बसूनच राहिली. ठमीने तिच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली, आणि पुन्हा डबा आपटू लागली. अशी दिसते तर. साडेपाचला अशी दिसते.

बाबा पायरीवर बसून पाय चोळत होते. "तेरा घरं झाली," म्हणाले. "उद्या राहिलेली. तू कशी गं आज एवढ्या लवकर?"

"बाबा, त्या माशाची किंमत बिलात लिहिली होती तेवढी नाही."

"म्हणजे?"

"तिप्पट आहे. त्याहूनही थोडी जास्त."

बाबांनी शांतपणे चष्म्याची डबी काढली. आत घडी घातलेलं बिल होतं. त्यांनी ते उलगडून तिच्यापुढे धरलं, अडाणी माणसाला कागद दाखवावा तसं. "हे काय मग?"

"ते मी लावायला सांगितलं. मालकांना. तुमच्याकडे तेवढे नव्हते म्हणून."

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला. अंगणात ठमीचा डबा वाजत होता.

"विहीणबाईंनी विचारलं," बाबा म्हणाले, "तेव्हा तू तिथेच उभी होतीस."

"हो."

"मी त्यांना गप्प केलं."

"हो."

"मी गप्प केलं नसतं तर तू सांगणार होतीस."

"मी मुद्दाम थांबले होते, बाबा. कुणीतरी विचारावं म्हणून."

बाबांनी बिलाची घडी घालून ते पुन्हा डबीत ठेवलं. मग म्हणाले, "तुझं रोजचं काम हेच का?"

तिला वाटलं होतं ते पैशांचं विचारतील.  "हो," ती म्हणाली. "लोक विचारत नाहीत. मी सांगत नाही."

"का विचारत नाहीत?"

"लाज वाटते, बाबा. भीती वाटते. परवडत नाही असं म्हणायला लागेल, याची."

ते उठले, आत गेले. खाटेखालून काही ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, दुकान बंद करताना घरी आणलेला. झाकण उघडलं. आत घड्याळं होती, मनगटी, प्रत्येकाभोवती कागदाची चिठ्ठी आणि दोरा. चाळीस-पन्नास तरी असतील.

"ही न्यायला कुणी आलंच नाही," बाबा म्हणाले. "मी म्हणायचो, लोक विसरभोळे झालेत. तुझ्या आईलाही तसंच सांगायचो." त्यांनी एक उचललं. बारीक, बायकी घड्याळ. "ही एक नर्स होती. दुकानावरून रोज जायची. काचेतून बघायची, आत मात्र यायची नाही. मी हात करायचो. तीही करायची. मग पलीकडच्या फुटपाथने जायला लागली. मला वाटलं, तिकडे सावली असते."

"किती सांगणार होतात तिला?" आईने विचारलं. किती वर्षांनी कोण जाणे, आईने किंमत विचारली होती.

"काहीच नाही," बाबा म्हणाले. "आत नुसती धूळ होती. फुंकर मारली न् चालू झालं."

ते एकेक चिठ्ठी वाचू लागले. मनातल्या मनात, ओठ हलवत. थरथरणाऱ्या हाताला दोऱ्याची गाठ सुटत नव्हती. तिला पुढे होऊन सोडवावीशी वाटली, पण त्या डब्यात हात घालायची तिची हिंमत झाली नाही.

"उद्या मी जाऊन रद्द करते," ती म्हणाली. "तुम्ही नुसते दारात उभे राहा. मी बोलते."

"तेरा घरं," बाबा म्हणाले.

"लोकांना सांगू, जागा बदलली."

"आणि विहीणबाईंना? तुम्ही विचारत होता तेच बरोबर होतं आणि मी चार लोकांत तुम्हाला गप्प केलं, असं सांगू? पोरगी द्यायचीय त्या घरात."

"सांगा ना बाबा. माणसं आहेत ती. समजतील."

बाबांनी ते बायकी घड्याळ पुन्हा चिठ्ठीत गुंडाळलं. आणि तिला कळलं, की आता ते त्या नर्ससारखेच पलीकडच्या फुटपाथने जाणार. सगळं दिसत असून.

"धाकटीच्या संसारासाठी म्हणून बाजूला ठेवलेलं आहे ते जाईल," आई सुपाकडे बघत म्हणाली. "ते गेलं की गेलं." आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली, कारण जेवायची वेळ काही थांबणार नव्हती. धाकटी कामावरून यायची होती. तिला कोण सांगणार, हे कुणीच बोललं नाही.

अंगणात डब्याचा आवाज थांबला. ठमी झोपेला आली होती. डोळे चोळत, हात पुढे करत उंबऱ्याशी आली. ती घाईघाईने पुढे झाली, लेकीला उचललं, छातीशी धरलं. ठमीच्या केसांना मातीचा आणि घामाचा वास येत होता. एक क्षण ठमी शांत राहिली. मग तिने मान मागे टाकली, पाठीची कमान केली आणि रडू लागली. आजीकडे दोन्ही हात लांबवून. "आई," ती म्हणत होती, "आई."

"राहू दे, तूच घे," आई म्हणाली. "होईल सवय."

तिने थोपटलं. गाणं म्हणून पाहिलं. मांजर दाखवलं. ठमीचं रडणं चढतच गेलं, चेहरा लालबुंद झाला, श्वास अडकू लागला. शेवटी तिने लेकीला आईच्या मांडीवर ठेवलं. ठमी दोन हुंदके देऊन गप्प झाली आणि आजीच्या पदराचं टोक मुठीत धरून तिने डोळे मिटले.

साडेसहाच वाजले होते. अख्खी संध्याकाळ मोकळी पडली होती.